आज काय जेवलात?

जगभरातल्या ठगांना टेंबेकाका एकच प्रश्न विचारत: आज काय जेवलात?

समजा, परदेशातल्या कुण्या सेनापतीच्या विधवेचं ई-मेल आलं की माझ्याकडे सोन्यानं भरलेली पेटी आहे, तुम्ही सज्जन दिसता, सांभाळाल का? आपण ते पुसून टाकतो. टेंबेकाका खुर्ची पुढे ओढून म्हणत, "लिही भिया. डियर मॅडम, आज काय जेवलात?"

इंदुरात भावाला भिया म्हणतात. लिहायचो मी, कारण राजेंद्र नगरातलं ते सायबर कॅफे माझं. आधी तो नुसता एसटीडीचा बूथ होता. इंटरनेटचं वारं आलं तसे मी तिथेच कॉम्प्युटर मांडले. काका आमच्याच गल्लीतले. त्यांची उभी हयात मिलच्या टाइम ऑफिसात गेली. दांडी मारून परतलेल्या कामगारांच्या सबबी ऐकायच्या आणि खरं-खोटं ठरवायचं, हे त्यांचं काम. हा प्रश्न त्यांना तिथेच सापडला होता.

"खोटं बोलणारा बीमारी ठरवून येतो, डॉक्टरचं नाव ठरवून येतो," ते सांगत, "पण खाण्याचं ठरवून नाही येत. एक जण म्हणे तापानं फणफणला होता. विचारलं, काय जेवलास? पट्कन बोलला, तुपात बुडवलेले दाल-बाफले. इंदूरचा आदमी खाण्याबाबत झूठ बोलूच शकत नाही."

जगातले सगळे ठग इंदूरचे नसतात, असं मी एकदा सुचवून पाहिलं. काकांनी ऐकलं नाही.

मिल बंद पडली आणि काकांकडे सबबी घेऊन येणारं कुणी उरलं नाही. मग त्यांचे जुने सोबती लॉटरी लागल्याची, आखाती देशात नोकरी मिळाल्याची ई-मेलं दाखवायला माझ्याकडे येऊ लागले. काका दारातच खुर्ची टाकून बसायला लागले. "काम सुटलेल्या माणसाला कोणीही आशा विकू शकतो, भिया," ते म्हणत. "कोणीतरी गेटवर पाहिजे."

सेनापतीच्या विधवेनं उत्तर पाठवलं, की मी सध्या फक्त दुःख गिळते आहे. काका उसळले. "अरे, सुतकाच्या घरात शेजारपाजारचे पिठलं-भात आणून देतात. हिला शेजारी नाहीत? पूरी फ्रॉड बाई आहे." लॉटरीवाल्या साहेबानं 'अन्न' एवढंच कळवलं. दोघांचे कागद छापून घेऊन, त्यांवर लाल पेन्सिलीनं 'गैरहजर' असा शेरा मारून काकांनी ते माझ्या भिंतीला चिकटवले. मी जिच्याकडे मोडेम मागवला होता त्या कंपनीलाही त्यांनी माझ्या अपरोक्ष, एका गिऱ्हाइकाकडून टाइप करवून, हाच प्रश्न पाठवला. तो मोडेम काही आला नाही.

"ती कंपनी खरी होती हो, काका."

"असेल. अभी तपास चालू है."

हे त्यांचं पालुपद. चौकशी पुरी होईपर्यंत कुणाचं नावसुद्धा घेत नसत. सगळे 'संशयित'.

एका माणसाला मात्र काका काहीच विचारत नसत. त्यांचा मुलगा शिरीष. मिल बंद झाली तरी सुरुवातीला काका रोज डबा घेऊन गेटवर जाऊन उभे राहत, आज ना उद्या उघडेल म्हणून. एके दिवशी शिरीष तिथे गेला आणि सगळ्यांसमोर त्यांच्या हातातला डबा काढून घेऊन म्हणाला, "बाबा, मिल संपली. चला घरी." काका घरी आले, पण त्याच्याशी बोलायचे थांबले ते थांबलेच. पुढे शिरीष अमेरिकेला गेला. दर रविवारी तो माझ्या बूथवर फोन करायचा. काकू बोलायच्या आणि काका समोरच्या पानठेल्यावर पाठमोरे उभे असायचे. मला त्या पाठीकडे बघवायचं नाही.

मग एक दिवस कॅफेच्या पत्त्यावर काकांच्या नावानं ई-मेल आलं. मी वाचून दाखवलं: "बाबा, कसे आहात? शिरीष."

काकांनी चष्मा पुसला. "पत्ता ओळखीचा नाही. लिही. आज काय जेवलात?"

"काका, अहो, शिरीष..."

"नाव नाही घ्यायचं. संशयित म्हण."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "पोहे केले होते. पण वर भुरभुरायचं जीरावण संपलंय. त्याच्याशिवाय पोहे घशाखाली उतरत नाहीत."

"हे तर कोणीही सांगेल," काका म्हणाले. "विचार, पोहे कुणी शिकवले?"

"तुम्हीच. आई माहेरी गेली होती तेव्हा."

काकांनी ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. "अभी पक्का नहीं," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी कॅफे उघडायच्या आधीच दारात हजर. तपास वाढत गेला. तिकडे थंडी किती आहे? स्वेटर घालता का? डबा नेता का?

"स्वेटर कुठल्या तपासात बसतो, काका?"

"बसतो."

मग पुरावा म्हणून त्यांनी संशयिताचा पूर्ण पत्ता मागवला, राजवाड्याजवळच्या बाजारात जाऊन जीरावण आणलं आणि पार्सल करून पाठवलं.

"म्हणजे पटलं ना, शिरीषच आहे?"

"पटलं तर केस बंद होईल, भिया," काका हळूच म्हणाले. "मग बाप म्हणून बोलावं लागेल. ते मला जमत नाही रे. मिल तर बंद झालीच, ही तरी चालू राहू दे."

मी चहा मागवला.

पार्सल पोचलं त्या रविवारी फोन वाजला. काकू थोडं बोलल्या आणि दारात येऊन पानठेल्याकडे बघत म्हणाल्या, "अहो, जीरावणाचा जबाब तोंडीच देणार म्हणतोय. आणि तुम्हालाच."

काका वळले. रस्ता ओलांडून आत आले. "तोंडी जबाब असेल तर घ्यावा लागतो," ते मला म्हणाले. "नियम आहे."

त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. मग घसा साफ करून म्हणाले, "शिरीष, आज काय जेवलास?"

पलीकडून तो खूप वेळ सांगत होता. काका मान डोलावत ऐकत होते, आणि भिंतीवरच्या कागदांकडे त्यांचं लक्ष नव्हतं.