नो तोके, तालुका सौसर

साहेब, तुम्ही सौसर तालुक्याला स्पॅनिश शिकवली, पण निम्मीच शिकवली. हा माझा आरोप आहे आणि तो मी सही करून लिहून राहिलो.

सुव्यवस्थित कारभाराचा पाया मनाई हाच असतो. म्हणून पंच्याऐंशी साली संत्र्याच्या रोगांचा एक जाणकार स्पेनहून आपल्या बागा पाहायला येणार असं कळताच, तुमच्या तालुका कार्यालयाने बागवाल्यांना त्याची भाषा शिकवायचं ठरवलं, हे योग्यच झालं.

अभ्यासक्रम अनिलबाबूंनी बसवला. ते आवक-जावक पाहतात, म्हणजे भाषातज्ज्ञच. पद्धत सोपी. शब्दाच्या शेवटी 'आर' असेल तर तो काढून 'ए' लावायचा, 'एर' किंवा 'इर' असेल तर 'आ', आणि शब्दाच्या आधी 'नो' ठोकायचा. तोकार म्हणजे हात लावणे. नो तोके, हात लावू नका. कोर्तार, कापणे: नो कोर्ते. कोमेर, खाणे: नो कोमा. सुबीर, चढणे: नो सुबा. प्रेगुन्तार, विचारणे: नो प्रेगुन्ते. सगळं आदरार्थी. पाहुण्याला अडवायचं, पण अहोजाहो करून.

शिकवलेल्या वाक्यांत मनाईचं प्रमाण शंभर टक्के होतं. ('करा' म्हणणारी वाक्यं दुसऱ्या टप्प्यासाठी विचाराधीन आहेत.)

पाहणी ठेवली होती लोधीखेड्याच्या वाटेवर, वत्सलाबाईच्या लहानशा बागेत. तिच्या झाडांच्या खोडातून डिंक गळत होता आणि एकेक झाड वाळत चाललं होतं. वर्गात तिने विचारलं, "अनिलबाबू, 'हात लावून पाहा' कसं म्हणाचं?"

"मावशी, ते कोर्समधी नाही."

"मंग माह्या झाडाचं?"

"झाडाले कुठं स्पॅनिश येते? तुमी नो तोके पाठ करा."

पाहुणा आला. दुभाष्या अलीकडच्या तिगाव स्टेशनलाच पांढुर्णा समजून गाडीतून उतरला होता, त्यामुळे सगळी भिस्त आमच्यावर. पाहुणा खोडापाशी बसला, हात पुढे केला. मागे उभ्या बागवाल्यांच्या रांगेने एका सुरात म्हटलं, नो तोके. त्याने हात मागे घेतला. तेव्हा वत्सलाबाईने त्याचं मनगट धरलं आणि त्याचा हात डिंकावर नेऊन ठेवला. तिच्याजवळ दुसरा शब्दच नव्हता. त्याने बोट हुंगलं, मान डोलावली, साल खरवडायला चाकू काढला. नो कोर्ते. चाकू खिशात गेला. तिच्याकडे वळून त्याने तोंड उघडलं. नो प्रेगुन्ते. मग त्याने हात जोडले आणि जीपकडे गेला. (चढताना कुणीतरी सवयीने नो सुबा म्हणालं. तो तिथेही थांबला. एवढा शिस्तीचा माणूस.)

दौरा पूर्ण यशस्वी झाल्याचं तुम्ही वर कळवलं. पाहुण्याकडून एकही नियम मोडला गेला नाही. नियम मोडला तो वत्सलाबाईने, म्हणून तिला नोटीस: परदेशी पाहुण्याच्या अंगाला हात का लावला, खुलासा करा. पोळ्यापर्यंत तिची अर्धी बाग सरपण झाली. नोटीस मात्र हिरवीगार आहे.

तिचा खुलासा मी करतो. तिला 'हात लावा' शिकवलं नव्हतं, म्हणून तिने ते करून दाखवलं. आता तुम्ही सांगा साहेब, 'हात लावा'ला त्या भाषेत काय म्हणतात?

आणि वाचकहो, तुम्ही हसून राहिले, ठीक आहे. त्या रांगेत मीही होतो, माझाही आवाज त्यात होता. आज सकाळपासून तुम्ही घरच्या माणसांना किती वेळा 'नको' म्हणालात, आणि 'बघ' किती वेळा? साहेब वेळ घेतील. तुम्ही आधी उत्तर द्या.