उत्तर न आल्यास त्रास नाही असे समजण्यात येईल

डॉक्टरांच्या ज्या पत्राला मी एकोणतीस दिवस उत्तर दिलं नाही, ते सध्या एका जाड कादंबरीच्या बाराव्या पानावर खूण म्हणून आहे. मजकूर थोडका: 'पुढील महिन्यापासून आपल्या औषधाची मात्रा वाढवण्याचे योजिले आहे. काही त्रास होत असल्यास लेखी कळवावे. उत्तर न आल्यास त्रास नाही असे समजण्यात येईल.'

गंभीर आजारात रोग्याचं पहिलं कर्तव्य म्हणजे डॉक्टरांची गैरसोय न करणे, हे सर्वमान्य आहे. (आमच्या घरात दोघांपैकी एकाला.) या कर्तव्यात मी कुठे कमी पडलो असं मला वाटत नाही, एरवी बहुतेक बाबतीत वाटतं.

सात महिन्यांत चौदा भेटी झाल्या. डॉक्टरांनी चौदा वेळा 'कसं काय?' विचारलं आणि मी चौदा वेळा 'ठीक' म्हणालो. उरलेला वेळ त्यांच्या मानदुखीकडे गेला, कारण समोरच्याची चौकशी न करणं मला जमत नाही. नवव्या भेटीत मी त्यांना उशी बदलायला सुचवलं. दहाव्या भेटीत ते म्हणाले, बराच आराम आहे. म्हणजे उपचार लागू पडत होते.

घरून निघताना मी अकरा प्रश्नांची यादी खिशात ठेवत असे. ती दोनदा शर्टाबरोबर धुतली गेली. प्रश्न स्वच्छ झाले.

पुढे डॉक्टरांनी शिकाऊ डॉक्टरांना माझ्याभोवती उभं केलं. "इतकं कडक औषध, पण एक तक्रार नाही," ते म्हणाले. मी कृतार्थ झालो आणि खुर्ची कुठे आहे ते डोळ्यांनी नीट पाहून बसलो, कारण बोटांना ती लागत नव्हती.

बोटांचं तसं किरकोळच. आधी शर्टाची बटणं गेली, ती आमची ही लावून देते. मग पानं. कागद आता बोटांना कळत नाही. एकही पान उलटत नाही, नाहीतर एकदम दीडशे उलटतात. बाराव्या पानावर नायकाचं लग्न ठरत असतं आणि लगेच त्याचा नातू नोकरीला लागतो. त्यामुळे महिनाभर मी बाराव्याच पानावर आहे. वाचनाखेरीज मला दुसरं काही येत नाही, हेही इथे नोंदवायला हवं.

"त्यांच्या मानेचं सगळं विचारता, स्वतःच्या बोटांचं सांगायला काय होतं?" ही म्हणाली.

"अगं, बाहेर चाळीस माणसं खोळंबलेली असतात."

"ती पण ठीकच असतील."

शेवटी मी उत्तर लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यातला 'त्रास' हा शब्द मला आरोपासारखा वाटला. दुसऱ्यात त्याचा 'किंचित वेगळा अनुभव' केला. तिसऱ्यात मानेची विचारपूस इतकी लांबली की बोटांना जागा उरली नाही. चौथा मसुदा चांगला साधला होता, म्हणून तो पाठवला नाही. पाचव्याच्या वेळी खिडकीबाहेर बघत, शब्द जुळवत मी लिहीत होतो. हिने हाक मारली तेव्हा खाली पाहिलं. पेन केव्हाच जमिनीवर पडलं होतं. अर्धी ओळ मी रिकाम्या बोटांनी लिहिली होती.

हिने पेन उचललं, कागद पुढे ओढला आणि म्हणाली, "सांगा."

मी सांगितलं. 'बोटं बधिर झाली आहेत. पानं उलटता येत नाहीत. मला अजून वाचायचं आहे.'

"मानेचं एखादं वाक्य...?" मी विचारलं.

"नाही."

पाकीट मीच पेटीत टाकलं. ते हातातून सुटलं की नाही हे बोटांना कळेना, म्हणून डोळ्यांनी खात्री केली. सुटलं होतं.

आणि तुमचं कसं काय? उत्तर न आल्यास त्रास नाही असे समजण्यात येईल.