सुभेदारांच्या दोन घारी

सुभेदारांच्या उजव्या दंडावरची घार मी उलट्या तोंडाची भरली.

माझं राजारामपुरीत कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं दुकान आहे. शाळांचे बिल्ले, पेठांच्या फुटबॉल संघांचे वाघ-सिंह, असलं सगळं मशीनवर भरून देतो. आमच्या गल्लीतल्या सुभेदारांना माजी सैनिकांच्या मेळाव्यासाठी हिरव्या जर्सीवर आपल्या पलटणीचं निशाण हवं होतं, दोन्ही दंडांना एकेक. मी एक घार काढली आणि तीच दोनदा भरली. म्हटलं, घार ती घार.

सुभेदारांनी दोन्ही बिल्ले दंडांवर धरले आणि भर दुकानात कवायतीला वळावं तसे आधी डावीकडे, मग उजवीकडे वळले.

"बघा पावणं. डावीकडची पुढं बघतीया. शत्रू पुढं असतोय. आणि ही उजवीकडची? ही कुठं निघाली?"

निघाली होती खरी. पाठीमागं, थेट स्टँडच्या दिशेनं.

"एक लढतीया, एक रजेवर चाललीया! अर्थ काय ह्येचा?"

'अर्थ काय ह्येचा' हा सुभेदारांचा कायमचा सवाल. पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा माझ्या पाटीवरच्या मोराकडे बघून म्हणाले, "ह्यो मोर गटारीकडं बघतोय. गिऱ्हाईक कुठनं येणार?" मी पदरमोड करून मोराचं तोंड फिरवून घेतलं. आता तो चहाच्या गाड्याकडे बघतो. गिऱ्हाईक आहे तेवढंच आहे, माझा चहा मात्र वाढला.

कोणतंही चिन्ह दिसलं की हा माणूस त्याची झडती घेतो. एका शाळेच्या बिल्ल्यावर खाली दिवा आणि वर पुस्तक होतं. "पेटंल की पुस्तक! पोरांनी वाचायचं काय, राख?" फुटबॉलवाल्यांच्या वाघाची जीभ बाहेर होती. संघाचा कॅप्टन समोर उभा असताना सुभेदार म्हणाले, "मॅचच्या आदीच दमलाय व्हय ह्यो?" कॅप्टननं तिथल्या तिथं मला ती जीभ आत घ्यायला लावली.

आणि हे सगळं उभ्यानं, येरझारा घालत. खुर्ची दिली की तिच्यावर पिशवी ठेवतात. आले की शटरपासून मशीनपर्यंत जातात, परत शटरपर्यंत येतात, सुताच्या रिळांना बोट लावतात, बाहेर डोकावतात, पुन्हा आत. त्यांच्याशी बोलताना माझी मान टेनिसच्या प्रेक्षकासारखी हलते.

फक्त स्वतःच्या निशाणाचा अर्थ सांगताना ते जरा थांबले. "खाली दोन डोंगर, मधी खिंड. खिंड आमची. वर घार. पंख उघडं, म्हंजे जागी हाय. पायात काय न्हाय. का?"

"काढायचं राहिलं असेल," मी म्हणालो.

"आमी काय उचलून आणाय गेलो न्हवतो, पावणं. राखाय गेलतो."

मी नव्या घारी भरल्या, या वेळी दोन्ही दंडांवर पुढंच बघणाऱ्या. सुभेदारांनी बिल्ला हातात घेतला, डोळे मिटले आणि त्यावरनं अंगठा फिरवला. "चोच हाताला लागंना."

"अहो, बिल्ला बघायचा असतो."

"तुमी बघा. मला हाताला लागाय पायजे."

म्हातारा डोक्यानं पुरता गेला, असं मनाशी म्हणत मी आत फोम घालून घार फुगवून घेतली. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा अंगठा. "कड सापडंना." काठाला जाड दोरी घातली. मेळावा उद्यावर आला होता आणि सुभेदारांच्या येरझारा आता फुटपाथपर्यंत गेल्या होत्या. अखेर मी म्हणालो, "द्या ती जर्सी. दोन मिनिटांत मशीनवर बिल्ले बसवून देतो."

त्यांनी जर्सी छातीशी धरली. "जर्सीला हात न्हाय लावायचा! पास करणारा अधिकारी घरी हाय. चला."

निवृत्त कर्नल वगैरे असणार म्हणून मी शर्ट आत खोचला, केसांना पाणी लावलं आणि मागून निघालो.

घरात कॉटवर अक्का बसल्या होत्या. सुभेदारांच्या मंडळी, माहेर चंदगडकडचं. दोन वर्षांपूर्वी साखरेनं त्यांचे डोळे गेले, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. फक्त त्या अंगठ्याशी त्याचा संबंध जोडायचं मला सुचलं नव्हतं.

अक्कांनी बिल्ला मांडीवर घेतला. बोटं चोचीवर गेली, पंखावरनं फिरून कडेनं सावकाश उतरली. सुभेदार दाराशी उभे, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे.

"व्हय," अक्का म्हणाल्या. "हिची कड घावतीया. ह्यी शिवंन मी."

सुभेदारांनी एवढा मोठा श्वास सोडला की कॅलेंडर हललं.

"दर सुट्टीला मीच शिवायची," अक्का मला सांगू लागल्या. "पलटणीत टेलर होता की. पर ह्येनी यष्टीत बसल्या बसल्या टाकं उसवायचं आणि लोंबता बिल्ला घिऊन दारात हुबं. मला कळत न्हवतं व्हय? ब्लेडनं कापल्यालं दिसतंय की."

"फाटायचा त्यो," सुभेदार भिंतीला म्हणाले.

"दोन्ही बाजूचं एकदम?"

सुभेदारांनी जर्सी अंगात चढवली, केरसुणीची एक काडी मोडून दातांत धरली आणि अक्कांच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसले. अंगावर कपडा शिवायचा तर तोंडात काडी धरायची, बोलायचं नाही, हलायचं नाही. अक्कांनी डाव्या हातानं दंड चाचपला, बिल्ला ठेवला, जरा वर सरकवला. सुभेदार हलले नाहीत. माझ्या दुकानात मिनिटभर न टिकणारा माणूस डोळे मिटून दगडासारखा बसला होता, आणि ते डोळे मी बघू नयेत म्हणून मी खिडकीकडे बघत राहिलो.

"सुई कोण ववणार?" अक्कांनी विचारलं. रोजचा ओवणारा काडी धरून बसलेला. मी पुढं झालो. आमच्याकडे मशीनची सुई मशीनच ओवतं. मी दोरा ओला केला, पिळला, नेम धरला, हुकला. पुन्हा धरला, पुन्हा हुकला. सुभेदारांची काडी दातांत थरथरायला लागली.

अक्कांनी हात पुढं करून बराच वेळ वाट बघितली. मग म्हणाल्या,

"आरं, डोळं माझं गेल्यात का तुझं?"