'बगळा-१'चा चाचणी वैमानिक

विमानाच्या पाटीवर वैमानिकाचं नाव घालायचं मी ठरवलं आणि त्यापायी माझे सासरे मरणाच्या दारात जाऊन बसले. मधलं सगळं सांगतो. ऐकून तुम्ही मलाच शिव्या घालाल. घाला. घरच्यांच्या घालून झाल्यात.

मी हितेश. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत डिस्पॅचला क्लार्क, राहायला बदलापूर. फावल्या वेळात विमानांची मॉडेल्स करतो. खऱ्या विमानांची नाही. कुणी कधी बनवलीच नाहीत अशा विमानांचे पहिलेवहिले नमुने, म्हणजे प्रोटोटाइप. खऱ्या विमानाचं मॉडेल केलं की कुणीतरी शहाणा येऊन म्हणतो, पंख दोन मिलिमीटर चुकला. (माझा पंख नेहमी चुकतो. घड्याळासाठी भिंतीत ठोकलेला माझा खिळाही शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये निघाला होता.) उल्हासनगरात कॅम्प नंबर तीनला एक फ्लेक्सवाला आहे, त्याच्याकडून मी सनबोर्डचे, म्हणजे फोमच्या पुठ्ठ्याचे, उरलेसुरले तुकडे आणतो. त्या शेठनं एकदा विचारलं, "ये कौनसा प्लेन है?"

"जो बना ही नहीं."

"फिर तो गलत बन ही नहीं सकता!"

इतक्या वर्षांत मला एवढं नेमकं कुणी ओळखलं नव्हतं. शेठनं वर चहाही पाजला.

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, अकरा मेंबर. तिथं नुसता फोटो टाकून भागत नाही, विमानाचा इतिहास द्यावा लागतो. एकच नमुना बनला, पुढं का नाही बनला? पहिल्याच चाचणीत पडला म्हणून. मग उडवत कोण होतं? इथं नाव लागतं. मी ऑफिसपासून सुरुवात केली. माझ्या विमानांत आमच्या डिस्पॅचची सात माणसं गेलीत. साहेब दोनदा. (दुसऱ्या वेळी मी त्यांना पॅराशूटसुद्धा दिलं नाही.) हळूहळू ऑफिस संपलं.

तेव्हा 'बगळा-१' हाती होतं. बारवी धरणाच्या पाण्यावर उतरणारं विमान, चाकांच्या जागी दोन होड्या. होड्या म्हणजे रंजनाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, जुन्या चष्म्यांच्या डब्या. त्याच दिवाळीत आम्ही चामटोलीला तिच्या माहेरी गेलो होतो. भरल्या पंगतीत कुणीतरी विचारलं, "जावय काय करतो?" मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, हातातला घास न थांबवता सांगितलं, "खेलनी करतो." पंगत खदखदून हसली. रंजनाही हसली, ते मला जास्त लागलं.

घरी आलो आणि त्याच तिरमिरीत पाटी केली: 'चाचणी वैमानिक कै. हरिचंद्र.' हरिचंद्र हे मामांचं नाव. खाली तारीख १२/१२, कारण स्टिकरच्या शीटवर एक आणि दोन एवढेच आकडे शिल्लक होते. सालाला ना आकडे होते, ना जागा. तिथं जुनं एखादं साल मावलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. विमान शोकेसमध्ये ठेवलं, ग्रुपवर फोटो टाकला. चार अंगठे आले.

नोव्हेंबर संपता संपता मामांच्या छातीत कळ आली. तपासण्या झाल्या. तीन ठिकाणी ब्लॉक. "महिन्याच्या आत बायपास करा," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर मी काही सांगू शकत नाही." हॉस्पिटल उल्हासनगरात, म्हणून मामा आणि सासूबाई, कमळामामी, आमच्याकडंच राहिले. मी आणि रंजना ऑपरेशनची तारीख घेऊन घरी आलो, तर मामा शोकेसपाशी उभे. हातात बगळा. चष्मा कपाळावर.

"मामा, तारीख मिळाली. बारा डिसेंबर."

"कंची?"

"बारा."

मामांनी विमान माझ्याकडं वळवलं. "हितं बी तीच हाय."

मामा चौथी शिकलेले. पण 'कै.' वाचायला शाळा लागत नाही. बदलापूर स्टेशनपासून चामटोलीपर्यंत दर नाक्यावर भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलेला असतो, माणूस रिक्षात बसल्या बसल्या शिकतो. मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "जावय, तुना कधीपासून ठाव व्हता?"

(आमच्याकडं जावयालाही 'तू'च म्हणतात. मान असतो, तो ताटात वाढतात.)

"अहो, हे काय लिहून ठेवलंत माझ्या बापाबद्दल?" रंजनाचा आवाज फाटला. मी अर्धा तास समजावलं. म्हटलं, हा सनबोर्ड आहे, हे फेविक्विक आहे, ही अंधश्रद्धा आहे. नावाला काय धरून बसता, नुसतं खेळणं आहे हे! माझ्याच तोंडून तो शब्द गेला. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी पिशवी भरली आणि चामटोलीला निघून गेले.

"मरायचाच हाय, तं फारून कशाला मरू?" ऑपरेशनबद्दल एवढंच म्हणाले.

आता काय सांगू? त्या माणसानं मरणाची तयारी अशी चालवली, जशी आपण लग्नघरात करतो. सुकी लाकडं पडवीत हलवली, दव लागू नये म्हणून. रंजनाच्या चुलत्यांना बोलावून बांधाचं जुनं भांडण मिटवलं. फ्लेक्ससाठी फोटो निवडला. पहिला नापास केला, त्यात दात दिसत होते. दुसरा माझ्या हातात दिला. "तुझा तो फ्लेक्सवाला वलखीचा हाय ना? चांगला करून घे. नाव मोठा टाक." मी फोटो खिशात घातला आणि मागच्या दारी गेलो.

तिथं कमळामामी चुलीपुढं भाकरी थापत होत्या. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. "जावय," त्या म्हणाल्या, "चालीस वर्सं ह्या मानसानं माझा एक सबूद आयकला नाय. तुझा एक सबूद वाचला, आन आयकला." त्यांनी मला एवढंच ऐकवलं. मी तिथंच पाटावर बसलो आणि खरंच रडलो. पंगतीतल्या एका वाक्याचा राग म्हणून मी माणूस मारत होतो, आणि माणूस माझ्यावर विश्वास ठेवून मरत होता.

दहा तारखेला मी आणि रंजना बगळा घेऊन चामटोलीला गेलो. मामांपुढं ठेवला. म्हटलं, "मामा, पाटी बदलतो. तुमचं नाव आत्ता खरवडून टाकतो."

"थांब!" मामांची थोरली बहीण, कौसाआत्या, कोपऱ्यातून म्हणाली. वय ऐंशीच्या पुढं, आणि घरात हिच्या शब्दावर अपील नाही. "असा नाव खरवरतान का? तिरडी बांधली का मोकली ठेवत नाय. एक उठवायचा, तं दुसरा बसवायचा."

"मग साहेबांचं घालू?" मी उत्साहानं म्हटलं.

"कोन साहेब?"

"माझे. ते आधीही दोनदा गेलेत."

"परका नाय चालत. घरचाच लागतो."

चुलत्यांनी एकमेकांकडं पाहिलं, मग सगळ्यांनी माझ्याकडं. मी रंजनाकडं पाहिलं. म्हटलं, ही तरी काही बोलेल.

बोलली. "लिहा ना. सनबोर्ड आहे, फेविक्विक आहे. अर्धा तास कुणाला शिकवत होतात?"

मी ब्लेडनं मामांचं नाव काढलं आणि मार्करनं माझं लिहिलं. मामांनी चष्मा खाली ओढून वाचलं.

"कै. कुठं हाय?"

"राहिलं वाटतं."

"लिव."

लिहिलं. मामांनी बगळा कौसाआत्याला दाखवला, तिनं मान हलवली, आणि मामा उठून सदरा घालू लागले. "चला, कुठं हाय त्या डॉक्टर? आता बारा तारीख मना लागत नाय."

बारा तारखेला सकाळी आठला त्यांना आत नेलं. तशा अवस्थेतही स्ट्रेचरवरून हात जोडून त्यांनी माझा निरोप घेतला. जाणारे ते नव्हते, मी होतो. मी विज्ञान मानणारा माणूस आहे. मानता मानता त्या दिवशी मी लिफ्ट टाळली, मग जिना टाळला, आणि तळमजल्यावरच्या बाकावर पंखा डोक्यावर येणार नाही असा बसून राहिलो. अकराला समोरच्या टपरीवर चहाला उठलो, तर रंजनानं शर्ट मागून धरला.

"कुठं निघालात?"

"चहा."

"रस्ता ओलांडायचा नाही. बसा."

"अगं, खेळणं आहे ते..."

"माहितीये मला!" ती एकदम रडायला लागली. "मीच लिहायला लावलं ना. मला बाबा पण पाहिजेत आणि तुम्ही पण पाहिजेत. बसा म्हटलं ना!"

बसलो. अडीच तास तिनं शर्ट सोडला नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली, इतका वेळ तिनं मला कधी धरून ठेवलं नव्हतं. भीती वाटत होती, आणि खरं सांगतो, बरंही वाटत होतं. दीड वाजता डॉक्टर खाली आले आणि म्हणाले, "झालं. व्यवस्थित आहेत." मी त्यांचे पाय धरायला वाकलो, तर शर्ट रंजनाच्या मुठीत असल्यानं दोन बटणं तुटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आयसीयूत पाच मिनिटं सोडलं. मी आणि कमळामामी आत गेलो. मामा नळ्यांच्या मधून डोळे उघडून बघत होते. आवाज अगदी बारीक.

"आज कंची तारीख?"

"तेरा, मामा."

त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. तुटक्या बटणांपाशी जरा थांबले. "तुना कायच नाय झाला?"

"नाही मामा. ठणठणीत आहे."

मामांनी डोळे मिटले आणि कमळामामींकडं मान वळवली.

"बघ," ते म्हणाले, "ह्याचा एक काम धड नाय."