काळूरामने ओवलेली कार्डं

ही एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. त्या वर्षी भिवंडीत दोन गोष्टी अगदी नक्की होत्या. आमच्या कामतघर भागातले लूम, म्हणजे यंत्रमाग, दिवाळीखेरीज थांबणार नव्हते, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत मी डॉक्टर होणार होते. औषध देणारी नव्हे, पीएच.डी.वाली. दारावरच्या पाटीचं अक्षरसुद्धा मी मनात ठरवून टाकलं होतं! पीएच.डी.ला किती वर्षं लागतात, ही चौकशी तेवढी राहिली होती.

मुंबईतल्या एका संस्थेत कॉम्प्युटर वापरून रोगराईचा अभ्यास करायची सोय निघाली होती. मी शाळेत गणित शिकवायचे, एम.एस्सी. संख्याशास्त्रात केलं होतं. अर्ज केला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. ही बातमी मी शिक्षकांच्या खोलीत सांगितली, तेव्हा आमच्या मुख्याध्यापिकांनी कॉम्प्युटर पायानं चालवतात की हातानं, एवढंच विचारलं आणि त्या वह्या तपासू लागल्या. घरी सांगायला तर कुणीच नव्हतं. वडील नारपोलीच्या कारखान्यात मुकादम होते. कापसाची धूळ खाऊन खोकत खोकत गेले. त्यानंतर खोलीत मी आणि चार भिंती. मुलाखतीची तालीमही मी आरशासमोर केली. प्रश्न मीच विचारायचे, उत्तरही मीच द्यायचे, आणि तरी मधूनमधून अडायचे.

एका बाबतीत मात्र मी श्रीमंत होते. चाळीच्या भिंती इतक्या पातळ, की पलीकडे कोण खोकतंय हे मला आवाजावरून कळायचं. त्यातूनच मला हा विषय सुचला. सुटीच्या दिवशी कारखान्यांतून फिरून मी माणसांना विचारत सुटले. लूमवर किती वर्षं झाली, खोकला कधीपासून, ऐकू कमी येतं का. लूमसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांना आणखी एक प्रश्न, गरोदर आहेस का. पुरुषांना तो अर्थातच विचारला नाही.

ही सगळी माहिती कॉम्प्युटरला कळावी म्हणून कार्डांवर भोकं पाडून न्यायची होती. माझी मैत्रीण चंद्रा मुंबईच्या एका कचेरीत भोकं पाडायच्या यंत्रावर कामाला होती. तिनं जेवणाच्या सुटीत जेवण सोडून ती पाडून दिली. एका माणसाचं एक कार्ड. कार्डावर उभे रकाने. ज्या रकान्यात भोक, त्याचं उत्तर यंत्र वाचणार. शेवटचा, अगदी कडेचा रकाना गरोदरपणाचा. तिथं भोक म्हणजे होय, मोकळं म्हणजे नाही. पुरुषांचा हा रकाना मोकळा होता, एवढं कृपा करून लक्षात ठेवा.

आता शेजारी. माझ्या खोलीची किल्ली ठकुबाईकडे असायची, कारण नळाला पाणी यायचं ते नेमकं माझ्या शाळेच्या वेळेत. ती मूळची टेमघरची, बोलणं रोखठोक आणि घागर कमरेवर. तिचा नवरा काळूराम नक्षीच्या लूमवर. साडीच्या काठाची नक्षीही भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरूनच उतरते. ते पुठ्ठे दोन्ही कडांना भोकं पाडून दोऱ्यानं एकापुढे एक ओवतात आणि लांबलचक माळ करून लूमवर चढवतात. एक पुठ्ठा सुटा झाला की मोराची मान भलतीकडे जाते. सुटे पुठ्ठे दिसले की काळूरामचा जीव कासावीस व्हायचा, जसा आपला उघड्या विहिरीच्या काठाशी मूल दिसल्यावर होतो.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी पाणी भरताना ठकुबाईच्या घागरीचा धक्का लागून माझी कार्डं जमिनीवर पांगली. ती घाबरली. तिनं नवऱ्याला बोलावलं. हे सगळं मला मागाहून कळलं. त्या संध्याकाळी मला दिसलं ते एवढंच, की टेबलावर मांजरपाटात शिवलेलं एक टुमदार गाठोडं ठेवलंय.

ठकुबाई म्हणाली, "बाय, गारीत धूल लागंल म्हनून बांधून देलंय यांनी. आता उघरू नको."

उघडून पाहायला हवं होतं, हे कळण्याइतकी संख्याशास्त्रज्ञ मी होते. पण वडील गेल्यापासून माझ्यासाठी कुणी काही बांधून दिलं नव्हतं. ते टाके उसवायचा मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते गाठोडं एसटीत मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईनं बाळ समजून दोनदा वाकून पाहिलं.

समितीत तिघे होते. अध्यक्षांनी आधी विचारलं, रोज भिवंडीहून येणं जमेल का, घरी कोण कोण आहे. मी ताठ बसून सांगितलं, "घरी कुणी नाही. मला कसलीच अडचण नाही." मग मी टाके उसवले आणि वरचं कार्ड त्यांच्या हाती दिलं.

त्याच्या मागोमाग दुसरं आलं. दुसऱ्यामागे तिसरं. शाळेच्या सहलीत मुलं एकमेकांचे हात धरून निघावीत, तशी सगळी कार्डं टेबलावरून उतरून अध्यक्षांच्या बुटांपर्यंत चालत गेली. दोन्ही कडांना नवी भोकं, आणि त्यांतून पक्का लूमचा दोरा. गाठ मी ओळखली. कारखान्यात तुटलेला धागा जोडतात, ती गाठ.

कॉम्प्युटरवाल्यानं कात्रीनं दोरे कापले आणि कार्डं यंत्रात घातली. यंत्र घरघरलं, दोन-चार ठिकाणी अडलं आणि त्यानं एक लांब कागद बाहेर टाकला. अध्यक्षांनी चष्मा लावून तो वाचला, चष्मा पुसला, परत वाचला.

"बाई, तुमच्या नारपोलीचे पुरुष कामगार..."

"हो, सर?"

"सगळे गरोदर आहेत."

ते पुढे वाचू लागले. "हे एक गृहस्थ पहा. वय अठ्ठावन्न, जुना खोकला, दोन्ही कानांनी बहिरे, आणि गरोदर." हे वडिलांच्या कारखान्यातले आमचे लडकूमामा, हे मला कार्ड न बघता कळलं. दुसऱ्या सदस्यांना पाणी पिताना जोराचा ठसका लागला.

हसणं ओसरल्यावर अध्यक्ष म्हणाले, "ही कार्डं अशी ओवली कुणी?"

शेजाऱ्यांनी, त्यांना यातलं कळत नाही, असं सांगता आलं असतं. ते खरंही होतं आणि कदाचित मी सुटलेही असते. पण माझ्या तोंडून निघालं, "घरच्यांनी."

"मघाशी म्हणालात, घरी कुणी नाही."

"मघाशी गाठोडं उघडलं नव्हतं, सर."

संध्याकाळी काळूराम ओट्यावरच बसला होता. अर्धी शिफ्ट सोडून आला होता.

"बाय, चाललं का मशीन?"

"चाललं."

"मंग! सुटं नेलं असतंस त अरकलं असतं." आणि त्यानं आत बघून हाक दिली, "ठके, चाललं गं!"

त्या दिवशी मी त्यांच्याकडे तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. घागरीची हकिकत ठकुबाईनं तेव्हा डोळ्याला पदर लावून सांगितली. जागा दुसऱ्याला मिळाली, हे मी त्या दोघांना कधीच सांगितलं नाही.

अध्यक्षांनी मला कार्डं नव्यानं करून पुढच्या वर्षी यायला सांगितलं होतं. पण चंद्राचं लग्न होऊन ती नागपूरला गेली. सुरुवातीला तिची पत्रं यायची, मग नुसती दिवाळीची कार्डं, मग तीही नाहीत. अध्यक्ष मोठ्या पदावरून निवृत्त झाले आणि म्हणे प्रत्येक समारंभात गरोदर विणकरांची गोष्ट सांगायचे. काळूरामचा खोकला भिंतीपलीकडून मी वर्षानुवर्षं ऐकला, तो कसा वाढत जाईल हे मला आधीच ठाऊक होतं, आणि एका थंडीत भिंत गप्प झाली. ठकुबाईला मुलानं टेमघरला नेलं. जाताना तिनं माझी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि मूठ मिटून दिली. तीही आता नाही.

मी गणित शिकवत निवृत्त झाले. पाटीवर नुसतं नाव आहे. चाळ पाडून तिथं इमारत झाली, तिच्या तिसऱ्या मजल्यावर मी राहते. भिंती जाड आहेत, पाणी दिवसभर असतं, किल्ली कुणाकडे ठेवावी लागत नाही. ठेवलेली वस्तू रोज ठेवलेल्या जागीच सापडते.