तात्पुरते पाध्येकाका

पाध्येकाका जगातली प्रत्येक वस्तू किलोत मोजत. हौस म्हणून नव्हे, विमान कंपनीच्या नियमाने. बॅगेला अडकवून उचलायचा हातातला वजनकाटा असतो ना, तो त्यांच्या पँटच्या खिशात कायम असे. इतरांच्या खिशात रुमाल असतो, तसा. माझी मुलगी रेवा झाली तेव्हा बारशाला आलेल्या या गृहस्थांनी तिला दुपट्यासकट झोळीत घालून काट्याला लावलं, डोळे बारीक करून आकडा वाचला आणि भरल्या घरात जाहीर केलं, "चार किलो दोनशे. हँडबॅगेत बसेल." माझी बायको वैशाली पुढचे सहा महिने त्यांच्या चहात साखर घालायला विसरत होती.

काका माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, माझ्याच ऑफिसात ड्राफ्ट्समन, आणि समोरच्या दारातले शेजारी. एकटे. लग्न केलेलं नव्हतं. विचारलं की म्हणत, "सध्या नाही." त्यांच्या दाराच्या आत दोन काळ्या बॅगा उभ्या असत, दरवानासारख्या. प्रत्येकी तेवीस किलो, ना एक ग्रॅम कमी, ना एक जास्त. दर शुक्रवारी नाश्त्याआधी वजन व्हायचं. काकांचे कपडे त्या बॅगांवर घडी करून ठेवलेले असत, कपाट रिकामं. गादीवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं, त्यामुळे ते कुशीवर वळले की आमच्या घरात भजी तळल्याचा आवाज येई. "काका, पडदे तरी लावा," वैशाली म्हणायची. "कशाला वहिनी? सध्या तात्पुरतं आहे." हे तात्पुरतं अकरा वर्षं चाललं.

याचं मूळ त्या मोठ्या मंदीत. तेव्हा आम्ही दुबईत होतो, मरीनाजवळ आमच्या कंपनीचा टॉवर उभा राहत होता. एका आठवड्यात सगळं इतकं एकदम थांबलं की क्रेनवर कबुतरांनी संसार थाटले. त्यातल्या एका जोडीची नातवंडं लग्नाला आलेली मी स्वतः पाहिली आहेत. दोनशे माणसांच्या ऑफिसात अकरा उरलो. त्या अकरांना उचलून कंपनीने अबूधाबीत मुसफ्फाला आणून बसवलं, आणि काका आणि मी मोहम्मद बिन झायद सिटीत एकाच मजल्यावर आलो. सामान लावताना काका म्हणाले, "राणे, आता इथला भरवसा नाही. मी अमेरिकेची लॉटरी भरतोय."

ही लॉटरी म्हणजे व्हिसाची सोडत. अमेरिका दरवर्षी काढते. फॉर्म भरायचा ऑक्टोबरात, निकाल मेमध्ये. नाव निघालं आणि मुलाखत पार पडली की कायमचं तिकडे राहायला मिळतं. फॉर्मला फोटो लागतो. पार्श्वभूमी पांढरी, चष्मा नाही, दोन्ही कान दिसले पाहिजेत, आणि हसायचं नाही. पांढरी पार्श्वभूमी म्हणून काकांनी आमचा फ्रिज निवडला. दर ऑक्टोबरात ते निळा शर्ट घालून येत, मी फ्रिजवरची चुंबकं काढत असे, रेवा थोडी मोठी झाल्यावर टेबललॅम्प धरत असे.

हसायचं नाही ही अट काकांनी फार मनावर घेतली होती. आधीचा अख्खा सप्टेंबर ते सराव करत. त्या महिन्यात त्यांना विनोद सांगितला की ते हात जोडत. "राणे, यल्ला, घरी जा. फोटो व्हायचाय."

"Kaka, you look like you're arrested," रेवा म्हणायची.

"तेच पाहिजे त्यांना," काका म्हणत.

पाच वर्षं असे पाच फोटो झाले. मग ऑफिसात कुणीतरी सांगितलं की या सोडतीत भारतात जन्मलेल्यांना जागाच नाही, आपले लोक तिकडे आधीच फार झालेत. त्यांचे पाचही फॉर्म न वाचता बाजूला पडले असणार. काका त्या दिवशी डबा न उघडता बसले. संध्याकाळी त्यांनी न्यूजर्सीला बहिणीला फोन लावला. इंदूताई, काकांपेक्षा आठ वर्षांनी मोठ्या. फोन स्पीकरवर होता, मी समोर होतो.

"कमळ्या," ताई म्हणाल्या, "अरे तू भारतातला कुठला? तू मोंबासाचा."

झालं होतं असं, की काकांचे वडील आफ्रिकेत मोंबासा बंदरावर कारकून होते. काका तिथे जन्मले, अडीच वर्षांचे असताना कुटुंब कोकणात परतलं. शाळेत नाव घालायला गेले तेव्हा जन्मगावाच्या रकान्यात हेडमास्तरांनी 'आडिवरे' लिहिलं. त्या रकान्यात ते गेली तीस वर्षं आडिवरेच लिहीत होते, पोर कुठलंही असो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेच, दाखल्यावरून पासपोर्टवर तेच. पन्नाशीच्या माणसाला स्वतःचा जन्म कुठे झाला ते फोनवर कळलं.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कधी?"

आमच्या ऑफिसच्या दारावरचा सिक्युरिटी जुमा, हा नेमका मोंबासाचा. तो सुट्टीवर गेला आणि तिथल्या नोंदवहीतून काकांच्या जन्माचा दाखला काढून घेऊन आला. काकांनी त्याला मिठी मारली, मग दाखल्याचं वजन केलं. "काही भरत नाही," ते कौतुकाने म्हणाले. पासपोर्ट दुरुस्त करायला पुढे वर्ष गेलं, त्यात काका इतक्या खिडक्यांपुढे उभे राहिले की पाचव्या महिन्यात लोक त्यांनाच फॉर्म विचारू लागले.

आता तुम्ही म्हणाल, एवढा अमेरिकेचा सोस कशाला. मलाही वाटायचं, मोठं घर, मोठी गाडी. एकदा मी तसं बोललो. काका म्हणाले, "मला अमेरिका काय करायचीय? मला इंदूकडे जायचंय."

आई गेल्यावर काकांना वाढवलं ताईंनी. त्या लग्न होऊन तिकडे गेल्या. मंदीच्या वर्षी त्यांच्या यजमानांना अर्धांगाचा झटका आला आणि ताई घराबाहेर पडेनाशा झाल्या, कारण पलंगावरच्या माणसाला रात्र-दिवस कुणीतरी लागायचं. म्हणजे भेटायचं तर काकांनीच जायला हवं. साध्या भेटीच्या व्हिसासाठी ते दोनदा जाऊन आले होते. दोन्ही वेळा खिडकीमागच्या साहेबाने एकच विचारलं, परत यावंसं वाटेल असं तुमचं इथे कोण आहे? बायको, मुलं, घर? काका खोटं बोलत नसत. "सध्या कोणी नाही," असं ते दोन्ही वेळा सांगून आले.

आणि त्या दोन बॅगांत ताईंसाठीचं सामान होतं. आमसुलं, मेतकूट, भाजणी, सांडगी मिरच्या, पोह्याचे पापड. इथून जो कोणी गावी जाईल त्याच्याकडून काका ते मागवत. वर्ष उलटलं की जुनं काढून नवं भरत, आणि जुनं आमच्याकडे पाठवत. आमचं घर अकरा वर्षं अमेरिकेच्या उरल्यासुरल्यावर चाललं.

"काका, न्यूजर्सीत हे सगळं मिळतं," मी एकदा सांगितलं. "इथल्यापेक्षा चांगलं मिळतं."

"मिळतं रे," काका म्हणाले. "पण कुणी आणून दिलेलं नाही मिळत."

पासपोर्ट हाती आल्यावर मोंबासाच्या नावाने फॉर्म पुन्हा सुरू झाले, आणि एका मेमध्ये नाव निघालं. काका लॅपटॉप दोन्ही हातांवर घेऊन आले, देव्हाऱ्यातला देव आणावा तसे. "राणे, वाच. मला वाटतं चूक असेल." चूक नव्हती. वैशालीने शिरा केला, त्यात साखर जरा जास्तच पडली. नंबर मोठा असल्यामुळे मुलाखत यायची ती पुढच्या वर्षी एप्रिलात. नियम एकच कडक होता. सप्टेंबर संपेपर्यंत व्हिसा हातात पडला नाही, तर नाव रद्द. पुढच्या वर्षी चालत नाही.

पुढचं वर्ष कोणतं होतं ते सांगायला नको. मार्चमध्ये कोरोना आला, वकिलात बंद झाली, काकांची मुलाखत गेली. एप्रिलात तिकडून हुकूम निघाला की बाहेरून कायमचं राहायला येणाऱ्यांना सध्या बंदी. "सध्या म्हणताहेत," काका म्हणाले. त्या शब्दावर त्यांचा फार विश्वास.

इथे माझा पगार अर्धा झाला, मग दोन महिने झालाच नाही. आमच्या तळमजल्यावर गुहागरकडचे आठ जण एका फ्लॅटमध्ये राहत, साइटवर काम करणारे. त्यांचं काम थांबलं, विमानं बंद, घरी जाता येईना. एके सकाळी त्यांच्यातला एक जण वर आला आणि वैशालीकडे वाटीभर तांदूळ मागू लागला, मान खाली घालून. समोरचं दार उघडं होतं. काकांनी ऐकलं.

दहा मिनिटांनी चेन उघडल्याचा आवाज आला. अकरा वर्षं दाराआत उभीच असलेली ती बॅग काकांनी जिन्यात आडवी केली होती. "वहिनी, परात आणा," ते म्हणाले. "आणि तुम्ही रे, पातेलं आणा. मोठं."

"काका, ताईंचं आहे ते," मी म्हटलं.

"इंदूलाच विचारलंय. ती म्हणाली, मूर्खा, अजून बांधून काय ठेवलंयस."

त्यानंतर जूनपर्यंत आमच्या जिन्यावर जी थालीपिठं झाली, त्यांच्या वासाने समोरच्या मशिदीतली मांजरं धर्म विसरली. दहा-बारा माणसांनी मिळून काकांची अमेरिका खाल्ली. आमचा डबा रिकामा झाला की दारात पुडी असायची, वर पेनाने वजन लिहिलेलं. आभार मानायला गेलो की काका म्हणत, "जागा होतेय बॅगेत. मीच तुमचा आभारी." त्या दिवसांत माझ्या मुलीने एकदाही उपाशी आहे असं इंग्रजीत किंवा मराठीत म्हटलं नाही. हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

सप्टेंबरात बातमी आली की तिकडच्या कोर्टाने उरलेल्या दिवसांत व्हिसा द्यायला सांगितलंय. काहींना फोन येऊ लागले. काका रोज सकाळी आठला निळा शर्ट घालून रिकाम्या बॅगेवर बसत, फोन मांडीवर. आंघोळीला जाताना तो जिन्यातल्या गुहागरकरांकडे देत. "अरबी आला तरी उचला. इंग्रजी आला तर 'वन मिनिट सर' म्हणा आणि दार वाजवा." आठ माणसं पाळीपाळीने 'वन मिनिट सर' पाठ करत होती.

फोन आला नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी पाच वाजता काका आमच्याकडे आले. "खलास," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पोहे आहेत का?" वैशालीने केले. त्यांनी सगळे खाल्ले.

ऑक्टोबरात नवी सोडत सुरू झाली. मी चुंबकं काढून ठेवली, रेवाने लॅम्पची वायर सोडवली. काका आले नाहीत. नोव्हेंबरात ताईंचे यजमान गेले. काका दोन दिवस फोनवर होते, गादीचा आवाज येत नव्हता.

पुढच्या वर्षी विमानं नीट सुरू झाल्यावर ताईच आल्या. आता त्यांना तिकडे धरून ठेवणारं कुणी नव्हतं. विमानतळावर मीच गाडी घेऊन गेलो. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाई, ट्रॉलीवर दोन बॅगा. काकांनी वाकून नमस्कार केला, आणि उठताना सवयीने खिशातून काटा काढून बॅगेला अडकवला.

"तेवीस आहे," ताई म्हणाल्या. "दुसरीही तेवीस. मोजू नकोस, अकरा वर्षं मोजतेय मी."

घरी येऊन त्यांनी पहिलं काम केलं ते गादीचं प्लास्टिक फाडण्याचं. दुसरं, काकांचे शर्ट कपाटात टांगण्याचं. काका बाजूला उभे राहून हँगर देत होते.

ऑक्टोबरच्या एका दुपारी बेल वाजली. काका निळ्या शर्टात, ताई सोबत.

"फॉर्म भरणार?" मी विचारलं.

"नाही. फोटो पाहिजे. आमचा दोघांचा एकही नाही."

मी चुंबकं काढली. रेवाने लॅम्प धरला. दोघं फ्रिजपुढे उभी राहिली. काकांनी चष्मा काढला, कानामागे केस सारले, आणि चेहरा दगडासारखा केला.

"Kaka, it's not for them," रेवा म्हणाली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे हसलं तरी चालेल?"

"चालेल," मी म्हटलं.

त्यांना जमायला बराच वेळ लागला. आम्ही थांबलो.