इंदूआक्का आणि यानाप्पा

संगणक बिघडला की माणसं वैतागतात. आमच्या शेजारच्या इंदूआक्का खूश होतात. पदर खोचून खुर्ची पुढे ओढतात, चष्मा पुसतात आणि पडद्याला म्हणतात, "आता कसा सापडलास!"

बेळगावच्या अनगोळात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. यजमान जाऊन चार वर्षं झाली, मूलबाळ नाही. माहेर इथल्याच वडगावचं, साड्या विणणाऱ्यांचं; इकडच्या बायकांसारखं आक्का स्वतःबद्दलही 'आलो', 'गेलो' असंच म्हणतात. वडील विणून झालेली साडी उजेडात धरायचे आणि तुटका धागा हुडकायचे. ती नजर आक्कांकडे आली. पुढे टिळकवाडीत एका वकिलांकडे त्यांनी मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत टायपिंग केलं. मजकूर आक्कांच्या हाती द्यायच्या आधी वकीलसाहेब तो दोनदा वाचायचे म्हणे. भीती पक्षकाराची नव्हती, आक्कांची होती.

काम सुटलं तेव्हा आक्का स्वतःच्या नावानं अर्ज लिहू लागल्या. गल्लीतला बंद दिवा, गटारावरची सरकलेली फरशी, बसच्या पाटीवर संकेश्वरचं झालेलं सकेश्वर. उत्तर एकाचंही आलं नाही. "इनवर्ड हुतंय, औटवर्ड हुत न्हाय," असं त्या म्हणत. फाईल दाबून ठेवणारा माणूस हा त्यांच्या मते जगातला सगळ्यात हलका माणूस.

घोळ माझ्या हातून झाला. मी पॉलिटेक्निकला संगणक शिकवतो. आक्कांचा जुना लॅपटॉप चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की तोवर त्यांचा भात व्हायचा. मी त्यावर एक मुक्त प्रणाली बसवून दिली. जगभरचे हौशी लोक मिळून ती तयार करतात. कुणीही वापरावी, कुणीही सुधारावी. तिचं नाव सांगत नाही, त्या लोकांना आधीच पुरेसा त्रास झाला आहे.

"काही अडलं तर इथं तक्रार लिहायची," मी म्हणालो. दर रविवारी मला हाक येऊ नये, एवढाच माझा हेतू.

"लिवलं तर वाचतंय कोण?"

"बनवणारेच वाचतात. उत्तरही देतात."

"उत्तर देत्यात?" आक्कांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

दुसऱ्याच दिवशी पहिली तक्रार गेली. 'रिस्पेक्टेड सर'पासून 'युवर्स फेथफुली'पर्यंत, विषय आणि संदर्भासकट. मजकूर एवढाच, की घड्याळ कोपऱ्याला फार चिकटलंय. संध्याकाळच्या आत उत्तर आलं. प्रागचा यान नावाचा कुणी लिहीत होता, की कळवल्याबद्दल आभारी आहे, बघतो. आक्का लॅपटॉप तसाच उघडा धरून आमच्या स्वयंपाकघरात आल्या.

"सुधा, हे वाच गं," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "बघतो म्हणालाय!"

पुढच्या आठवड्यात घड्याळ खरोखरच थोडं आत सरकलं. त्या दिवशी यानचा यानाप्पा झाला.

मग आक्कांनी धडाका लावला. कचऱ्याचा डबा भरलेला असताना चित्रात रिकामा दिसतो. पुसायच्या आधी 'नक्की का?' असं यंत्र दोनदा विचारतं, हा शहाण्या माणसाचा अपमान आहे. नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी चाचणीसाठी कच्ची प्रत देतात, तीही त्या उतरवून घेऊ लागल्या. हे काम जगात कुणालाच आवडत नाही. आक्कांना सणासारखं वाटायचं.

अशाच एका कच्च्या प्रतीत त्यांना तो मोठा दोष सापडला. त्या आईच्या हातच्या पाककृती टाइप करत होत्या. फाईलला नाव दिलं 'पुऱ्या', आणि अख्खा पडदा गोठला. बाण हलेना, खिडकी मिटेना. 'भात' चाललं, 'आमटी' चाललं. 'पुऱ्या' आणि 'भाकऱ्या' म्हटलं की यंत्र गार. आमच्या मराठीतला तो अर्धा र त्या प्रणालीच्या घशात अडकत होता.

यानाप्पानं सगळं तपासलं. त्याच्याकडे गोठेना. आक्कांच्या त्या म्हाताऱ्या लॅपटॉपवरच गोठायचं. त्यामुळे तो रोज सकाळी काहीतरी दुरुस्ती पाठवायचा आणि आक्का रोज निकाल कळवायच्या. मध्येच त्यानं विचारलं, पुरी म्हणजे नेमकं काय? आक्कांनी कृती पाठवली. त्यानं पुरी करून फोटो पाठवला, ती पापडासारखी चपटी. आक्कांचं उत्तर मी स्वतः वाचलंय. "पुरी फुगलेली नाही. तेल पुरेसं तापलेलं नव्हतं. कृपया पुन्हा प्रयत्न करून कळवावे."

महिन्याभरानं मला एक पत्र आलं. आक्कांचं खातं उघडताना मी माझाही पत्ता दिला होता. लिहिणारी बाई त्या प्रकल्पाचं वेळापत्रक सांभाळणारी. नवी आवृत्ती तयार आहे, तिनं लिहिलं होतं, फक्त एक मोठा दोष यादीत उघडा आहे. दुरुस्ती केव्हाच पाठवली. पण श्रीमती इंदुमती रोज 'निरीक्षण चालू आहे' एवढंच कळवतात. आपण जवळ राहता, जरा बघाल का?

दुपारी मी गेलो. आक्का लॅपटॉपसमोरच होत्या. पडद्यावर 'पुऱ्या' नावाची फाईल होती. मी ती उघडली, मिटली, सरकवली. काही गोठलं नाही.

"हे तर चालतंय की, आक्का."

"चालतंय."

"कधीपासून?"

"तीन आठवडं झालं असतील."

"मग कळवलं का नाही?"

आक्का पदरानं कळफलक पुसू लागल्या. तो स्वच्छच होता.

"कळवलं की फाईल बंद करत्यात, मास्तर. बंद फाईलवर कोण लिवतंय?" पुसता पुसता त्या म्हणाल्या, "सकाळी उठून बघितलं की त्याचं आलेलं असतंय. गुड मॉर्निंग, आज कसं आहे? पुरीच्या फाईलचंच विचारतोय, मला ठाऊक हाय. पर विचारतोय."

 मी पत्रातलं होतं ते सांगितलं. नवी आवृत्ती तुमच्या होकारासाठी थांबलीय. तिकडं सगळे वाट बघताहेत.

आक्कांचा हात जागच्या जागी राहिला. "म्हंजे मी फाईल दाबून ठेवली?"

"तसं नाही, पण..."

"तसंच की!" त्यांचा चेहरा उतरला. "जन्मभर ज्यांना शिव्या घातल्या, त्येंच्याच वळणावर गेलो की वो मी."

माझ्यादेखत त्यांनी टाइप केलं. दोष दूर झाला आहे. विलंबाबद्दल दिलगीर आहे. फाईल बंद करण्यास हरकत नाही. 'युवर्स फेथफुली'च्या आधी त्या जरा रेंगाळल्या, मग कळ दाबली.

चार दिवसांत नवी आवृत्ती बाहेर पडली. आभाराच्या यादीत 'इंदुमती, बेळगाव' असं नाव होतं. आक्कांनी ते भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "स्पेलिंग बरोबर हाय." यानाप्पाचं एक छोटं पत्र आलं. सगळे आता थोडी विश्रांती घेणार, असं त्यात होतं. नंतर काही आलं नाही. आक्का दुपारी घरापुढच्या ओट्यावर बसलेल्या दिसू लागल्या. हातात काही नसायचं.

पाच-सहा दिवस मी हे बघितलं. मग एके दुपारी ओट्यापाशी जाऊन म्हणालो, "आक्का, आमच्या मशिनीत काहीतरी झालंय. टाइप करताना अक्षरं गायब होतात."

त्या लगेच उठल्या. माझ्या संगणकासमोर बसून अर्धा तास त्यांनी सगळी अक्षरं चालवली. अ पासून ज्ञ पर्यंत, मग कन्नड, मग इंग्रजी. एकही अक्षर गायब झालं नाही. सुधानं चहाची कपबशी आणि चिवड्याची वाटी त्यांच्यापुढे ठेवली.

आक्कांनी चहाकडे पाहिलं, सुधाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून वायरी तपासत होतो.

"हे रोज दिसणारं न्हाय, मास्तर," त्या सावकाश म्हणाल्या. "अधनंमधनं येणारा दोष दिसतोय. असला रोज येऊन बघावा लागतोय."

"किती वाजता याल?"

त्यांनी बशीत चहा ओतला.

"चारला येतो की."